साहेब, पाच वेळा ‘का’ विचारा: आमच्या सुटलेल्या पोटाबद्दल मॅनेजमेंट, युनियन आणि कँटीन कमिटीला खुलं पत्र

मा. प्लँट हेड साहेब, एचआरचे साहेब-मॅडम, ओएचसीचे (कंपनीतल्या दवाखान्याचे) डॉक्टर, युनियनचे अध्यक्ष-सेक्रेटरी आणि कँटीन कमिटीतले माझे जुने दोस्त,

सगळ्यांना नमस्कार.

मागच्या सोमवारी सेकंड शिफ्टला आलो तर टाइम ऑफिसच्या बोर्डापुढं ही गर्दी. मला वाटलं करार झाला की काय. पुढं घुसून बघतो तर यादी. टोकन नंबर, डिपार्टमेंट, वजन, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) आणि वर लाल अक्षरात ‘हाय रिस्क’. सातव्या नंबरला मी. वजन ९६, बीएमआय ३४. मागून एक ट्रेनी म्हणाला, काका टॉप टेनमध्ये आलात, पेढे कधी? सगळे हसले, मी पण हसलो, काय करणार. खाली बारीक अक्षरात असं होतं की बीएमआय ३० च्या वर असलेल्यांनी सहा महिन्यांत वजन कमी करावं, नाहीतर फोर्कलिफ्ट, क्रेन आणि हाइटवरच्या कामाचं ऑथरायझेशन, म्हणजे परवानगी, काढून घेणार आणि सेफ्टी रिवॉर्डला नाव जाणार नाही.

तर हे पत्र त्या यादीबद्दल आहे. चाकण एमआयडीसीतल्या शंभर कंपन्यांत असंच चालू असेल म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितोय, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, आपल्याला कळलं म्हणजे झालं.

आधीच सांगतो, वजन वाढलंय हे मला मान्य आहे. बुटाची लेस बांधताना श्वास कोंडतो, दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रेनिंग रूमला जाताना मधल्या पायरीवर मी मोबाईल बघायचं नाटक करतो म्हणजे कुणाला कळू नये दम लागलाय. बीपीची गोळी चालू होऊन चार वर्षं झाली. तेव्हा हे पत्र ‘आम्ही जाड आहोत तर आहोत’ असल्या छापाचं नाही. माझं म्हणणं एवढंच की लाईनवर काही बिघडलं की तुम्ही जसं वागता तसं आमच्या पोटाबाबत वागला नाहीत.

आठवतंय का, एका लॉटमध्ये बोल्ट ढिले निघाले होते. लाईन थांबवली, सगळे गोल उभे केले, बोर्डावर माशाचा काटा (कारणं शोधायची आकृती) काढला आणि व्हाय-व्हाय सुरू. बोल्ट ढिला का, टॉर्क (आवळायचा जोर) कमी का, बोल्ट आवळायची गन कमी का मारते, पाच वेळा ‘का’ विचारल्यावर निघालं काय तर गनचं कॅलिब्रेशनच हुकलं होतं. त्या दिवशी साहेब तुम्ही स्वतः म्हणालात, ऑपरेटरला दोष देऊ नका, प्रोसेस बघा. मला फार आवडलं होतं ते. मग आता एवढ्या लोकांच्या नावापुढं वजन लिहिताना एकदा तरी ‘का’ विचारलंत का? डायरेक्ट ऑपरेटर एरर लिहून मोकळे.

म्हणून म्हटलं आपणच विचारू.

मी २००४ ला लागलो. वजन ६१, उंची पाच फूट सहा, पँट ३० कमरेची. आता ४०. हे मी आठवणीनं सांगत नाही, युनिफॉर्म स्टोअरच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे, कुणीही जाऊन बघा. स्टोअरवाले भाऊ दर वेळी टेप लावतात आणि मान वर न करता ‘दोन वाढले’ म्हणतात. त्यांच्या त्या जाडजूड रजिस्टरात अख्ख्या प्लँटच्या कमरेचा इतिहास पडलाय आणि ओएचसीतल्या कुणी तो कधी उघडला नसेल. माझी पोरगी फार्मसीला आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली पप्पा, लंडनमध्ये हे खरंच केलंय. १९५६ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या जोडीदारांनी लंडनच्या बस ड्रायव्हर-कंडक्टरांच्या युनिफॉर्मची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांपेक्षा मोठ्या कमरेच्या. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५३ ला, त्यांनीच दाखवलं होतं की दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हार्टचा त्रास जास्त आणि डबलडेकरचे जिने दिवसभर चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. कंपनी एक, डेपो तोच, पगारपाणी जवळपास सारखं. फरक हा की एक बसलेला आणि दुसरा दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. अर्थात मापातला फरक तरण्या ड्रायव्हरांतही होता, म्हणजे सगळं बसण्यानंच झालं असं नाही, काही जण लागतानाच तसे. पण तेव्हापासून डॉक्टर लोक कामाकडं पण बघायला लागले, नुसत्या माणसाकडं नाही.

आता पहिला ‘का’, आमच्या सेलचं, म्हणजे लाईनवरच्या आमच्या विभागाचं बघा. लागलो तेव्हा हाउसिंग, म्हणजे जड पार्ट, हातानं उचलायचो, ट्रॉलीतून जिगवर, जिगवरून पुढच्या स्टेशनला, शिफ्टभर तेच. घरी गेलो की पाठ धरलेली असायची, बायको बाम चोळायची. मग हॉइस्ट (वजन उचलायचं यंत्र) आला, मग कन्व्हेयर, मग रोबोट. आता मी पॅनलसमोर उभा असतो, हिरवा दिवा, लाल दिवा, अलार्म आला की रिसेट. गैरसमज नको, हॉइस्ट काढा असं मी म्हणत नाही, ज्यांनी तो बसवला त्यांना माझ्या पाठीचा आशीर्वाद आहे. पण ज्या दिवशी हात-पायांचं काम गेलं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही की बाबांनो, आता तुमची भाकरी कमी लागेल. लेआउट बदलला, सायकल टाइम बदलला, माणसं कमी झाली, ताट मात्र जुनंच राहिलं. शरीर म्हणजे काय कंपनीचं ईआरपी सॉफ्टवेअर नाही ना, एका रात्रीत अपडेट व्हायला.

दुसरा ‘का’, ताट. इथं कँटीन कमिटीवाल्यांनो जरा खुर्ची पुढं ओढा.

मी दोन वर्षं कमिटीत होतो म्हणून आतलं माहीत आहे. कॉन्ट्रॅक्टरचं पामतेल १५ किलोच्या डब्यातनं येतं. एकदा सहज म्हणून मी आठवडाभर डबे मोजले, कुणी सांगितलं नव्हतं, माझीच खाज. रोजचे सहा डबे संपायचे. सहा गुणिले पंधरा नव्वद किलो. तिन्ही शिफ्ट मिळून जेवणारी माणसं अठराशेच्या आसपास. म्हणजे माणशी ५० ग्रॅम तेल, तेही एका जेवणात आणि एका नाष्ट्यात, घरचं अजून बाकीच. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते की २००० कॅलरीच्या रोजच्या आहारात तेल-तूप ३० ग्रॅमच्या आत ठेवा, अख्ख्या दिवसाचं. एक ग्रॅम तेलाच्या नऊ कॅलरी धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. मी मीटिंगमध्ये हा हिशोब मांडला तर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला, तर्री कमी केली की पब्लिक शिव्या घालते. खोटं बोलत नव्हता तो. तर्री नसलेली उसळ आली त्या दिवशी वेस्टेजचा ड्रम भरला होता, मी डोळ्यांनी बघितलंय.

चहाचं तर विचारूच नका. मशीनचा चहा आधीच गोड, साखर वेगळी घ्यायची सोयच नाही. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम धरली आणि शिफ्टला पाच कप झाले तर साखर ५० ग्रॅम. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाच. २००० कॅलरीला दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम. कोटा मशीनवरच संपला! शिवाय प्रोडक्शन रेकॉर्ड झालं की गुलाबजाम, ऑडिट पास झालं की जिलेबी, झीरो अॅक्सिडेंटचा महिना गेला की बासुंदी. साहेब, आमच्या कंपनीत सुरक्षिततेचं बक्षीस साखरेत मिळतं.

२०२५ च्या जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं पत्र काढलं होतं की कामाच्या ठिकाणी तेल आणि साखर किती आहे ते सांगणारे बोर्ड लावा. पेपरात त्याचं ‘समोशावर वॉर्निंग’ झालं, मग सरकारला सांगावं लागलं की दुकानातल्या समोशावर कसलंही लेबल नाही, ते कामाच्या जागेसाठीचं आवाहन होतं. आपल्याकडं एचआरनं लगेच बोर्ड छापून आणले, मान्य, स्पीड चांगला. पण लावले कुठं? काउंटरच्या वर. बोर्डाखाली समोशाचा ट्रे. उभ्या-उभ्या बोर्ड वाचतात आणि समोसा घेतात लोक, कारण दुसरं काही ठेवलेलंच नाही. बोर्ड लावायचा खर्च पाचशे रुपये आणि मेनू बदलायचा म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा रेट वाढतो, म्हणून बोर्ड. कळतं आम्हाला.

फॅक्टरी अॅक्ट १९४८ चा आहे. त्याच्या कलम ४६ मध्ये २५० च्या वर कामगार असतील तर कँटीन ठेवायचं लिहिलं होतं आणि कँटीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी पण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, त्यात तर १०० कामगारांवरच कँटीन आलं. म्हणजे आम्ही काय खायचं ते ठरवायच्या टेबलावर आमची खुर्ची कायद्यानं आहे. त्या खुर्चीवर बसून आपण काय मागितलं? अध्यक्ष, हे तुमच्यासाठी. गेल्या तिन्ही करारांत युनियननं कँटीनबद्दल जे मागितलं ते मला पाठ आहे: बुधवारी नॉनव्हेज, रविवारच्या ओटीला (ओव्हरटाइमला) स्पेशल थाळी, भात अनलिमिटेड, आठवड्याला एकाऐवजी दोन स्वीट. मी पण टाळ्या वाजवल्या होत्या गेट मीटिंगला. एचआरनं एकदा भाकरी-पालेभाजीची वेगळी थाळी आणली तर आपणच तिला ‘आजारी थाळी’ नाव ठेवलं आणि जो घेईल त्याला विचारायचो, काय रे अॅडमिट झाला का? महिनाभरात बंद पडली ती. तेव्हा युनियननं सगळा दोष मॅनेजमेंटवर टाकला तर मला बरं वाटणार नाही.

आता तिसरा ‘का’. थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी.

जे थर्ड करत नाहीत त्यांना हे नुसतं सांगून कळत नाही. रात्री दोन-अडीचला पोटात खड्डा पडतो. भूक असते का? नसते खरं तर, झोप असते, पण शरीर ती भूक म्हणून सांगतं. त्या वेळी कँटीनला काय असतं, ब्रेड पकोडा, वडापाव, नाहीतर संध्याकाळचे समोसे परत तळलेले. डाळ-भात सेकंडलाच संपलेला. दोन वडापाव, दोन चहा, डोळे उघडतात, पाच वाजेपर्यंत ढकलतो. सकाळी बस. तळेगाव चौकात बस उभी, मोशीला परत उभी, दीड तासानं घरी. नाष्टा करून झोपायला आठ-साडेआठ, दहाला दारात भंगारवाला, अकराला शेजारी ड्रिल मशीन, साडेबाराला बायको विचारते जेवणार का. पाच तास झोप झाली तरी नशीब.

२००४ ला, म्हणजे मी लागलो त्याच साली, शिकागोमध्ये बारा तरण्या धडधाकट पोरांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि रक्त तपासलं. भूक लावणारं हार्मोन २८ टक्के वाढलेलं, पोट भरलं सांगणारं १८ टक्के कमी, आणि पोरांचा जीव गोड, खारट आणि भात-ब्रेडसारख्या पिष्टमय खाण्याकडं धावत होता. दोन रात्रींत! आम्ही २० वर्षं दर तिसऱ्या आठवड्याला तेच करतोय. आणि वर आमची रोटेशन उलटी, थर्ड झाली की सेकंड, सेकंड झाली की फर्स्ट. झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात की फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी पुढं सरकणारी पाळी शरीराला सोसते, मागं सरकणारी जड जाते. त्याला एक रुपया खर्च नाही साहेब, एक्सेल शीटमधला क्रम बदलायचाय फक्त.

वरून ओटी. कायद्याप्रमाणे ओटीला डबल पैसे आहेत, घराचा हप्ता आहे, पोरांची फी आहे, कोण नाही म्हणेल? बारा तास कंपनीत आणि तीन तास बसमध्ये गेले की उरलेल्या नऊ तासांत झोप, अंघोळ, जेवण, पोराचं तोंड बघणं. ओएचसीच्या भिंतीवर पोस्टर आहे, ‘रोज ४५ मिनिटं चाला’. कधी चालू डॉक्टर, तेवढं सांगा.

आता जी गोष्ट सांगणार ती मुद्दाम सांगतोय, कारण तुमची यादी ‘सेफ्टीसाठी’ आहे म्हणता.

आमचा एक फोर्कलिफ्टवाला मित्र आहे, नाव नको. गोल चेहरा, मान आखूड आणि जाड, स्वभावानं लोणी. बसमध्ये बसला की भोसरी यायच्या आत घोरायला लागायचा आणि घोरता घोरता मध्येच आवाज बंद, आठ-दहा सेकंद शांतता, मग एकदम गुदमरल्यासारखा दचकून उठायचा. आम्ही त्याचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचो. हसायचो. एका थर्डला पहाटे चारच्या सुमाराला त्याची फोर्कलिफ्ट सरळ रॅकच्या खांबाला जाऊन भिडली. नशीब, खालून कुणी जात नव्हतं. शोकॉज नोटीस निघाली: निष्काळजीपणा, ड्युटीवर झोप. तीन दिवस घरी. त्याच तीन दिवसांत त्याची बायको त्याला एका डॉक्टरकडं घेऊन गेली, रात्रभराची झोपेची टेस्ट झाली आणि निघालं स्लीप अॅप्निया. गळ्याभोवती चरबी साठते, झोपेत श्वासाची नळी दबते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, रात्रभर हेच, माणूस आठ तास झोपूनही झोपलेला नसतो. मग दिवसा कुठंही डोळा लागतो, सिग्नलला, फोर्कलिफ्टवर, जिथं दोन मिनिटं शांत बसला तिथं. रात्री मशीनचा मास्क लावून झोपायला लागल्यावर महिन्याभरात माणूस बदलला. तो म्हणाला मला वाटायचं मी आळशी झालोय. आज तो परत फोर्कलिफ्टवर आहे आणि आमच्यापेक्षा जागा असतो.

ह्यात विचार करण्यासारखं असं की त्याला पकडायला बीएमआयची यादी लागलीच नसती. ‘घोरतोस का, दिवसा झोप येते का, बीपी आहे का’ हे तीन-चार प्रश्न आणि गळ्याला एक टेप. दोन मिनिटांचं काम. पण आता तुमची नोटीस वाचून कोण सांगेल ओएचसीत जाऊन की डॉक्टर मला दिवसा झोप येते? ऑथरायझेशन जाणार, म्हणजे अलाउन्स जाणार, म्हणजे माणूस गप्प बसणार आणि तसाच झोपेत फोर्कलिफ्ट चालवणार. यादीनं रिस्क कमी झाली की वाढली, सेफ्टीवाल्यांनी सांगावं.

बीएमआयचं पण जरा. डॉक्टर, तुम्हाला मी काय शिकवणार, पण यादी करताना तुम्हाला विचारलं होतं का, ह्याची मला शंका आहे. प्रेस शॉपमधला तालमीत जाणारा पोरगा आहे ना, तो यादीत आलाय! त्याच्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही. आणि उलट बाजूनं बघा. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन ह्यांचा एक फोटो २००४ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकदम सारखा, २२.३. पण मोजलं तर युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे आपला माणूस हाता-पायानं किडकिडीत दिसतो आणि चरबी पोटात दडवून ठेवतो. म्हणूनच आपल्याकडं २५ च्या पुढंच लठ्ठ धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हा म्हणतात. तुमची ३० ची रेघ बाहेरून उचललेली आहे. त्या रेघेखाली कितीतरी शुगरवाले आरामात बसलेत, वजन ६८ आणि पोट पुढं.

आणि त्या यादीत कॉन्ट्रॅक्टचा एकही पोरगा नाही. का नाही? कारण त्यांचं मेडिकल फक्त लागताना होतं, नंतर कुणी बघत नाही. बीड, लातूर, यवतमाळ, बिहारकडून आलेली विशी-पंचविशीची पोरं, एका खोलीत पाच जण, एक शेगडी, सकाळी गाडीवरचे पोहे, रात्री चायनीजची गाडी, कारण बारा तासांनी येऊन भाकरी कोण थापणार. लागताना वाऱ्यानं उडतील अशी असतात, दोन वर्षांत गालफडं भरतात, पोरं खूश होतात, गावाकडं आई म्हणते पोरगं सुधारलं. ४० वर्षांवरच्या प्रत्येकाची वर्षाला फुकट तपासणी नव्या कोडात आली, चांगलं झालं. पण ही पोरं चाळिशीला येतील तेव्हा ती कुठल्या कंपनीत असतील कुणाला माहीत, आणि शुगर तोपर्यंत थांबत नाही.

हाइटवाल्यांचं थोडक्यात. आपल्या स्टोअरमधल्या हार्नेसच्या (उंचावर पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या) लेबलवर जास्तीत जास्त १०० किलो लिहिलंय. मेंटेनन्समध्ये १०० च्या वरची माणसं आहेत आणि हातात टूल बॅग घेऊन ती चढतात, म्हणजे १०५, ११०. ते हार्नेस लावून सही करतात आणि आपण परमिट देतो. इथं मात्र वजन खरंच सेफ्टीचा प्रश्न आहे, पण त्यावर उपाय माणसाला बोर्डावर टांगणं नाही, त्याच्या वजनाला चालणारा हार्नेस मागवणं आहे. मिळतो बाजारात. पेंट शॉपमध्ये ओव्हनजवळ उभी राहणारी भरीव अंगाची माणसं उन्हाळ्यात आधी गळतात हे पण सगळ्यांना माहीत आहे, तिथं ब्रेक आणि पाणी वाढवायचं सोडून आपण काय केलं तर यादी.

गुडघ्याचा विषय मी टाळणार होतो पण माझे स्वतःचे दुखतात म्हणून एवढंच. आठ तास काँक्रीटवर उभं राहायचं. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो असं मोजलंय. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वजन कमी करावंसं वाटलं. बोर्डावर नाव बघून नाही वाटलं, त्या दिवशी उलट दोन वडापाव जास्त खाल्ले, खोटं कशाला बोलू.

तर आता मागणं.

यादी आजच्या आज काढा. कुणाचं वजन किती, कुणाला काय आजार, हे डॉक्टर आणि त्या माणसामधलं आहे, टाइम ऑफिसच्या बोर्डाचं नाही. यादीतल्या एका ताईंनी तेव्हापासून कँटीनला येणंच बंद केलंय, डबा घेऊन लॉकर रूममध्ये बसतात. ऑथरायझेशनची धमकी मागं घ्या आणि त्याऐवजी ड्रायव्हर, क्रेन, फोर्कलिफ्टवाल्यांना झोपेचे प्रश्न विचारा, टेस्ट लागली तर कंपनीनं करावी, आणि उपचार चालू असेपर्यंत पगार-अलाउन्सला हात लावणार नाही असं लिहून द्या. लेखी. हे एक लिहून दिलंत तर ओएचसीपुढं लाईन लागेल बघा.

कँटीनला रात्री दोनला गरम काहीतरी ठेवा जे तळलेलं नाही. मुगाची खिचडी, उसळ-भाकरी, उकडलेली अंडी, ताक. महाग नाही यातलं काही. चहात साखर वेगळी. रोजचे तेलाचे डबे भागिले माणसं, हा एक आकडा काउंटरवर खडूनं लिहा, जसा प्रोडक्शनचा लिहिता तसा. आजचा ५०, पुढच्या महिन्यात ४५ करू. टार्गेट दिलं की आम्ही गाठतो, एवढी सवय तुम्हीच लावलीय. तर्री एकदम बंद करू नका, पब्लिक खरंच शिव्या घालेल, हळूहळू उतरवा, कुणाला कळणार पण नाही.

जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे. आमच्या सेलपासून कँटीन सात मिनिटं, लाईन आठ मिनिटं, परत यायला सात. उरतात आठ. आठ मिनिटांत माणूस जेवत नाही, गिळतो. सुट्टी सेलप्रमाणे मागं-पुढं केली तर लाईनच लागणार नाही, ह्याचा कायझेन (सुधारणेची सूचना) मी दोनदा टाकलाय, ‘अंडर रिव्ह्यू’ आहे.

अध्यक्ष, पुढच्या चार्टर ऑफ डिमांडमध्ये (मागण्यांच्या यादीत) दुसऱ्या स्वीटच्या जागी पाळीचा क्रम टाका. आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची वर्षाची तपासणी पण. ती आपले मेंबर नाहीत हे मला माहीत आहे.

गुरुवारी चार वाजता कँटीन कमिटीची मीटिंग आहे. मी आता कमिटीत नाही, पण डब्यांचा हिशोब लिहिलेली वही घेऊन बाहेर उभा राहीन, आत बोलावलं तर येतो. स्टोअरवाल्या भाऊंना पण त्यांचं रजिस्टर आणायला सांगितलंय. ते म्हणाले, २००४ पासूनचं आणू की नुसतं चालू वर्षाचं? मी म्हटलं सगळं आणा.

आपला,
असेंब्लीतला एक ऑपरेटर
(टोकन नंबर कशाला लिहू, बोर्डावर सातवा आहे)